लोटनभाऊ आणि तांब्यावरची जकात

सन एकोणीसशे सहासष्ट. मी चौतीस वर्षांचा होतो, आणि जळगावच्या आमच्या तांबट गल्लीत माझ्याइतकी सरळ घागर उभी करणारा दुसरा हात नव्हता. ही बढाई नाही. नशिराबादपासून अमळनेरपर्यंतचं गिऱ्हाईक लग्नाची भांडी घ्यायला आलं की आधी माझ्या ओट्याशी थांबायचं, मग पुढं सरकायचं. भांड्याच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. पण भांडं सोडून दुसऱ्या कशाचीही गोष्ट निघाली की माना वळायच्या त्या लोटनकडे.

लोटन माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तरी त्याला लहानथोर सगळे लोटनभाऊ म्हणत आणि मला नुसतं हिलाल. तो जळगावचाही नव्हता. साक्रीकडच्या खेड्यातून बापाच्या मागे चालत आला होता. बोलायचा अहिराणी, आणि हाफिसात गेला की एकदम मास्तरासारखं शुद्ध. चौथी शिकलेला. मी दुसरी. दोन इयत्तांचा फरक, पण तो ज्या तऱ्हेने पेपर उघडायचा त्यावरून वाटावं की हा बालिस्टर आहे आणि चुकून आमच्यात येऊन बसला आहे.

हात मात्र त्याचा बेताचाच. त्याची परात जमिनीवर ठेवली की डुगडुगायची. हंड्याचा गळा एका अंगाला झुकलेला असायचा. मी एकदा त्याला तोंडावर म्हटलं, "लोटन, तुझा हंडा मान वाकडी करून बघतो रे." तो हसला, म्हणाला, "मन्हंच बोलणं आयकी ऱ्हायना तो." माझंच बोलणं ऐकतोय तो, म्हणे. गल्ली हसली. माझा टोमणा होता, हशा त्याला गेला. हे असंच व्हायचं.

आता आमच्या गल्लीचा एक रिवाज सांगितला पाहिजे, नाहीतर माझं दुखणं कळणार नाही. गल्लीत पंधरा-वीस ऐरणी. सकाळी सातला ठणठण सुरू झाली की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हातारपणी आम्ही सगळे बहिरे होतो ते त्यामुळेच. मग कोणाला सगळ्यांशी बोलायचं असलं की त्याने आपली हातोडी उलटी करून ऐरणीवर ठेवायची. ते बघून शेजाऱ्याने आपली ठेवायची, मग त्याच्या शेजाऱ्याने. अशी गल्ली गप्प होत जायची. पण सक्ती नव्हती. ऐकावंसं वाटलं तरच माणूस हातोडी ठेवायचा.

लोटनने हातोडी ठेवली की पाण्याचा घोट घेईपर्यंत सगळी गल्ली गप्प. कोपऱ्यावरच्या भटारखान्यातली भांडी घासणारी बाईसुद्धा हात थांबवायची.

मी एकदाच ठेवली होती. देवळाच्या कळसाचं तांबं कोणी द्यायचं, त्यावर मला बोलायचं होतं. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी ठेवली, लाजेखातर. पलीकडे ठणठण चालूच राहिली. मी काय बोललो ते त्या दोघांनाच माहीत. पुन्हा कधी मी हातोडी उलटी केली नाही.

तर चीनची लढाई झाली तेव्हापासून तांबं अडलं होतं. पाकिस्तानची झाली आणि आणखी अडलं. आपल्याकडं तांब्याच्या खाणी थोड्या, बहुतेक तांबं बोटीने बाहेरून यायचं. बंदरावर त्याच्यावर जकात, वर परवाना, आणि जे आत येईल त्यात पहिला वाटा फौजेचा. गोळीची पुंगळी पितळेची, पितळेत तांबं. भुसावळच्या अंगाला सरकारचा गोळ्यांचा कारखाना निघाला होता. मालगाडी आमच्या जळगावावरून जायची. आमच्या पोटाचं तांबं आमच्या नाकासमोरून जायचं आणि आम्ही फाटकाशी उभं राहून डबे बघायचो. सहासष्टच्या उन्हाळ्यात सरकारने रुपयाचा भाव उतरवला आणि जे काही पत्रे मिळत होते तेही हाताबाहेर गेले. गल्लीत निम्म्या ऐरणींवर धूळ. बाकीचे आम्ही मोडीवर जगत होतो. मोड म्हणजे लोकांनी विकलेली जुनी भांडी. ती आणायची, तोडायची, पुन्हा ठोकायची.

या दिवसांत लोटनला बहर आला. आम्हाला काम नव्हतं, त्याला विषय होता.

संध्याकाळी मगनशेठच्या दुकानी बैठक बसायची. मगनशेठ मारवाडी, धातूचा जुना व्यापारी, आजोबांपासून आम्हाला पत्रा पुरवणारा. आता दुकानात पत्रा नव्हता, नुसती गादी होती. त्यावर बसून लोटन पेपर वाचायचा. वाचताना अंगठा तांब्याच्या तुकड्यावर घासत राहायचा, त्यामुळे पेपरच्या कडेला नेहमी हिरवट बोटं उमटलेली. चहा आला की बशीत ओतायचा आणि बोलण्याच्या नादात तो बशीतच गार व्हायचा. आयुष्यात त्याने एकदा तरी गरम चहा पिला असेल की नाही, शंका आहे.

एकदा मगनशेठ म्हणाला, "लोटनभाऊ, अमेरिका आपला दोस्त म्हणतात. बोटी भरभरून गहू देतो. मग तांबं द्यायला का तोंड वाकडं करतो?"

"शेठ, गहू ठेवला तर सडतो. तांबं सडतं का?"

मगनशेठ पोट धरून हसला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मी विचारतो, दोस्ताच्या मालाला जकात कशाला? माझी बहीण पिंप्राळ्याला दिली आहे. ती रोज दुधाचा तांब्या धाडते. तिच्याकडून मी जकात घेतो का? दोस्त म्हटला की दार उघडं पाहिजे. जकात दुश्मनाला लावा."

लोकांनी माना हलवल्या. मला वाटलं, आज जिंकलो.

लोटनची एक खोड होती. तो कोणाचं म्हणणं कधी एकदम तोडायचा नाही. आधी तुमचंच म्हणणं तो पुन्हा सांगायचा, आणि तुमच्यापेक्षा चांगलं सांगायचा. त्या दिवशीही त्याने तेच केलं. "हिलाल खरं बोलतो," म्हणाला. "दोस्ताला जकात लावली तर दोस्त म्हणेल, तुझा भरवसा नाही माझ्यावर. उद्या तोही आपल्या मालाला लावील. आपला चहा, आपला ताग, आपलं कापड त्याच्या दारात अडेल. मग दोस्ती राहील कागदावर. असंच ना रे, हिलाल?"

मला चहा आणि ताग सुचलाच नव्हता. मी म्हटलं, "असंच."

"हाई झायं तुन्हं. आते मन्हं आयक." हे त्याचं ठरलेलं वाक्य. हे झालं तुझं, आता माझं ऐक. "बहीण रोज दूध धाडते. मग तू गाय पाळतो का?"

"नाही. कशाला पाळू?"

"गोठा?"

"गोठ्यात लाकडं ठेवली आहेत."

"आणि उद्या मेहुणा रुसला तर?"

एवढंच. बैठक फुटली हसून. मगनशेठच्या डोळ्यांत पाणी. लोटन मात्र हसला नाही. म्हणाला, "बहीण चांगली शे, हिलाल. पण तांब्या मेहुण्याच्या हातात शे."

पुढं महिनाभर गल्लीत मला एकच विचारणं. "हिलाल, मेहुणा कसा शे? बोलतो ना?" खुद्द माझ्या मेहुण्याच्या कानावर गेलं, तो खरोखर चार दिवस रुसला.

दुसरी गोष्ट नशिराबाद रस्त्यावरच्या नाक्याची. आम्ही दोघं मोड घेऊन बैलगाडीने परत येत होतो. नाक्यावरच्या कारकुनाने गाडी अडवली, नगरपालिकेची जकात मागितली. द्यायची आणि पुढं जायचं. पण लोटन खाली उतरला. म्हणाला, "साहेब, हे हंडे आमच्याच गल्लीत घडलेले आहेत. यांचा पत्रा गावात आला तेव्हा तुम्ही जकात घेतली. आता हे माहेरी येत आहेत. माहेरी येणाऱ्या लेकीला वेशीवर कोणी अडवतं का?"

कारकून म्हणाला, "नियम आहे."

"नियम कशासाठी आहे ते सांगा."

ऊन मी म्हणत होतं. मागे चार गाड्या थांबल्या. मला वाटलं आता शिव्या पडणार. कुठलं काय! गाडीवाले उतरले, चाकांच्या सावलीत बसून ऐकायला लागले. एकाने तर बैल सोडून त्यांना वैरण टाकली. कारकून घामाने भिजला आणि शेवटी म्हणाला, "जा बाबा, तुझी जकात माफ. जा."

लोटनने पैसे काढून त्याच्या मेजावर ठेवले. "माफी नको होती. कारण पाहिजे होतं." आणि गाडीत येऊन बसला.

मी चिडून म्हटलं, "द्यायचेच होते तर तासभर घसा कशाला फोडला?"

"हिलाल, जकात का घेतात ते त्यालाबी माहीत नाही आणि आपल्यालाबी नाही. म्हणून दोघं एकमेकाला चोर समजतो."

 मला उत्तर सुचलं ते घरी आल्यावर, पण तेव्हा समोर बैल होते.

हे सगळं मी सोसलं असतं. आबांचं सोसवत नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. सत्तरीचे, दोन्ही कानांनी गेलेले. ज्या हातोडीने मी नाव कमावलं ती त्यांची. मला आयुष्यात एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की पोरा, तू माझ्यापुढं गेलास. पण आबा दिवसभर ओट्यावर गप्प. मी समोर बसून ओरडलो तरी "हं" म्हणत. संध्याकाळी लोटन यायचा, एक परात पालथी घालायचा आणि कोळशाने तिच्यावर जग काढायचा. "आबा, ही आफ्रिका. इथं खाण. हा दर्या. ही मुंबई. हे आपण, हे टिंब." आबा पुढं झुकून बघायचे, हसायचे, विचारायचे. एका घरात राहून मी बापाशी दिवसात चार शब्द बोलत नव्हतो आणि हा येऊन त्यांना आफ्रिका दाखवायचा. लोटन नाही आला की आबा विचारायचे, "लोटन कुठं आहे?" मी बाजाराला गेलो तर मी कुठं आहे असं त्यांनी कधी विचारलेलं आमच्या घरात कोणाला आठवत नाही.

पाऊस उतरला आणि बातमी आली. दिल्लीचे कोणी साहेब धुळ्याला येणार होते. धातूवरची आयात जकात, परवाने, कारागिरांचा वाटा, यावर लोकांचं म्हणणं ऐकणार होते. प्रत्येक गावाच्या तांबटांनी एक माणूस बोलायला आणावा आणि आपल्या कामाचा एक नग दाखवायला आणावा. साहेबांना पटलं तर आम्हाला पत्रा मिळणार होता. नाही तर गल्ली बसणार होती.

सकाळी लोटनने हातोडी उलटी केली. गल्ली गप्प झाली. माझी हातोडी चालू राहिली. मी परात ठोकत होतो ती ठोकतच राहिलो. सगळे माझ्याकडं बघत होते. आमच्यात याहून मोठा अपमान नाही.

लोटन उठून माझ्या ओट्याशी आला. मला वाटलं भांडेल. तो म्हणाला, "हिलाल, तू ठोक. मी मधल्या फटीतून बोलतो." आणि खरंच बोलायला लागला. माझा ठोका पडला की थांबायचा, हातोडी वर गेली की दोन शब्द. "धुळ्याला." ठण. "कोण जाणार." ठण. "ते ठरवा." मी हात जलद केला. त्याने शब्द जलद केले. गल्ली हसून आडवी. मी दात खाऊन ठोकत होतो आणि तो माझ्याच ठोक्यावर गाणं म्हटल्यासारखा बोलत होता. शेवटी माझा खांदा भरून आला आणि हात थांबला.

तेवढ्यात आबा ओट्यावरून बोलले. त्यांनी काय ऐकलं देव जाणे, पण बोलले. "लोटन जाईल. आणि घागर हिलालची जाईल."

सगळे म्हणाले, बरोबर. मला मात्र एवढंच समजलं की बोलणारा तो आणि मी मेजावर ठेवायची घागर.

घागर मी चार दिवसांत केली. तिच्यासारखी आधी केली नव्हती, नंतरही झाली नाही. भांडं घडलं की शेवटी त्याच्यावर हातोडीने एकसारखे बारीक ठोके उमटवतात, त्याला आम्ही मठार म्हणतो. त्या घागरीवरचा मठार असा बसला होता की उन्हात धरली तर माशाच्या अंगासारखी लकाकायची. आणि खालचा तळ जोडताना मी बोटभर सांधा डाख न भरता सोडला. डाख म्हणजे सांधा बंद करायचा वितळलेला धातू. वरून चिंचेने घासून असं चकचकीत केलं की माझ्याच डोळ्याला दिसू नये.

का केलं ते मला तेव्हा ठाऊक होतं, आजही आहे. मला लोटनला एकदा गप्प झालेलं बघायचं होतं.

भांडं गल्लीबाहेर जाण्याआधी घडवणाऱ्याने त्यात पाणी भरून बघायचं, ही आमची पद्धत. पण एका तांबटाने दुसऱ्या तांबटाच्या भांड्यात त्याच्यासमोर पाणी भरून बघायचं नाही. तो अविश्वास होतो. लोटनने घागर हातात घेतली, फिरवून बघितली, आणि म्हणाला, "हिलाल, मी सात जन्म घेतले तरी हे व्हायचं नाही." मग फडक्यात बांधली. पाण्याचं नावही काढलं नाही.

धुळ्याला आम्ही दोघं एस.टी.ने गेलो. सभागृहात गावोगावचे तांबट, व्यापारी, वर पंखा. दिल्लीचे साहेब मधे, बाजूला त्यांचं म्हणणं आम्हाला मराठीत आणि आमचं त्यांना हिंदीत सांगणारे एक मराठी अधिकारी. साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं. देशावर दोन लढाया येऊन गेल्या, तांबं फौजेला लागतं, परकी चलन थोडं आहे, म्हणून जकात आणि परवाने राहणार. घरगुती भांडी ॲल्युमिनियमचीही होतात.

तीन-चार गावचे लोक बोलले. सगळे एकच बोलले. जकात काढा, आम्ही मेलो. साहेब मान हलवत होते, लिहीत काही नव्हते.

मग लोटन उठला. पांढरं धोतर, काळी टोपी, आवाज गल्लीतल्यापेक्षा निम्म्याने खाली.

"साहेब, आधी तुमचंच म्हणणं सांगतो. घरात चोर शिरला असताना कोणी घागर घासत बसत नाही. पहिलं तांबं गोळीला. हे आम्हालाही मान्य. जकात काढा असं मी म्हणणार नाही."

बाकीचे तांबट चपापले. साहेबांनी पेन उचललं.

"पण जकात कशावर, ते बघा. लगडीवर, म्हणजे कच्च्या तांब्याच्या विटेवर, वेगळी लावा, तयार पत्र्यावर वेगळी. दोस्त देश आपल्याला तयार पत्रा विकायला राजी असतो, लगड द्यायला नसतो. कारण काम त्याच्या घरात राहतं. तुम्ही लगडीवरची जकात उतरवा, पत्र्यावरची ठेवा. लाटायचं, ठोकायचं काम इथं होऊ द्या. तुमच्या गोळ्यांच्या कारखान्यात आमच्या गल्लीतले तीन जण गेले. त्यांना धातू शिकवावा लागला नाही, ते ऐरणीपाशी वाढले. आमची गल्ली बसली तर पुढच्या लढाईला तांबं मिळेल, पण हात मिळणार नाहीत. हात कुठला दोस्त देईल तुम्हाला? आणि दिले तर कशाच्या बदल्यात देईल?"

साहेब लिहीत होते. सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा. मी मागच्या खुर्चीवर बसून माझ्या घागरीकडं बघत होतो. मेजावर ती चमकत होती. मला वाटत होतं, पाणी घालू नका. आणि मला वाटत होतं, घाला.

"हा नग तुमचा?" साहेबांनी विचारलं. खूश होऊन त्यांनी शिपायाला मेजावरच्या तांब्यातलं पाणी घागरीत ओतायला सांगितलं. थोडा वेळ काही नाही. मग तळाखालून पाण्याची एक जीभ बाहेर आली, मेजावरून सरकली आणि साहेबांच्या कागदांपर्यंत गेली. कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच हसले.

लोटन गप्प झाला. मी बघितला त्याला गप्प झालेला. फार तर चार श्वास असेल. त्याने घागरीच्या तळाला हात लावला, सांध्यावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघितलं नाही.

पुढच्या रांगेत धुळ्याचे गोविंदबाबा बसले होते. ऐंशीचे, सगळ्या खानदेशातले जुने तांबट. दोन माणसांचा मठार कधी सारखा येत नाही, आणि या म्हाताऱ्याला प्रत्येक हात ओळखू यायचा. हे मी घागर करताना विसरलो होतो. माझ्या सगळ्या हुशारीत एवढंच विसरलो की माझं नाव त्या घागरीवर दहा हजार ठोक्यांनी लिहिलेलं आहे. गोविंदबाबा उठले, घागरीवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "लोटन, हा ठोका तर जळगावच्या..."

"मन्हा शे, बाबा," लोटन मधेच म्हणाला. "घागर मन्हा हातनी शे."

गोविंदबाबांनी त्याच्याकडं बघितलं. मग मागे, माझ्याकडं. आणि खाली बसले.

लोटन साहेबांकडं वळला. "गळते, साहेब. लपवत नाही. डाखेला चांगलं जस्त लागतं, तेही बाहेरून येतं, तेही मिळत नाही. आम्ही मोडीतून काढलेलं रद्दी जस्त वापरतो. हात माझा आहे. पण ही गळती बंदरावर सुरू झाली आहे."

यावेळी हसले ते वेगळं हसले. साहेबसुद्धा. त्यांनी ओला कागद झटकला आणि त्यावरच आणखी दोन ओळी लिहिल्या.

परत येताना एस.टी.त तो खिडकीशी, मी त्याच्या शेजारी. पारोळं मागे पडलं. मग तो म्हणाला, "डाख भरताना घाई व्हई गई का रे, हिलाल?"

मी म्हटलं, "हो."

"व्हस. बठ्ठासनी व्हस." होते घाई, सगळ्यांची होते. आणि एरंडोलला त्याने शेंगा घेतल्या, निम्म्या माझ्या धोतरावर ओतल्या. त्याला कळलं होतं की नाही, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. एवढा बोलका माणूस, पण एवढं एकच बोलला नाही.

पुढं दोन-तीन महिन्यांनी पत्रा आला. थोडा आला, पण आला. ऐरणींवरची धूळ गेली. साहेबांनी लोटनचं ऐकून दिला की आणखी कशाने, कोण जाणे. गल्ली म्हणाली, लोटनने आणला.

पण धुळ्याच्या सभेतलं लगड आणि पत्रा बाजाराला काय कळतं? बाजाराला घागर कळली. व्यापाऱ्यांच्या तोंडून गोष्ट गावोगाव गेली. लोटन तांबटाची घागर दिल्लीच्या साहेबापुढं गळली. गल्लीला घागर माझी हे माहीत होतं, पण तळ आपणच जोडला असं लोटनने त्यांना सांगून टाकलं, आणि मी ते खोडलं नाही. गल्लीत येणारं गिऱ्हाईक थट्टा करायचं, "लोटनची आहे का? मग खाली ताट ठेवा." त्याचा हात बेताचा होताच, त्यात हे. जे चार लोक त्याच्याकडं जायचे ते माझ्याकडं यायला लागले. मी त्यांना भांडी दिली. ती थट्टा ऐकून मी हसायचोसुद्धा. लोक त्याचं बोलणं ऐकायला अजूनही यायचे, तासतास बसायचे, आणि उठून माझ्याकडून भांडं घेऊन जायचे. खरं सांगू, मला तरीही त्याचाच हेवा वाटायचा. भांडं माझं घेत होते, पण बसत त्याच्यापाशी होते.

पुढं तो गावोगाव कल्हई करत फिरला. अडुसष्टच्या हिवाळ्यात कळलं, तो बायको-मुलींना घेऊन सुरतेला चालला. तिथं त्याचा साला कापडाच्या गिरणीत होता. त्याने ऐरण मगनशेठला देऊन टाकली. आबांना चालवत नव्हतं, त्यांनी मला भाकरीचं गाठोडं देऊन स्टेशनवर धाडलं.

मी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. गाडी लागलेली होती. लोटन खिडकीशी बसला होता आणि समोरच्या बाकावर सुट्टीवर निघालेला एक फौजी. दोघांचं रंगलं होतं. मला बघून तो खाली उतरला, गाठोडं घेतलं. म्हणाला, "आबांना रोज पेपर वाचून दाखवत जा."

"मी?"

"तू नाही तर कोण? वाचाले दुसरी इयत्ता पुष्कळ शे."

माझ्या तोंडात शब्द आला होता. शिट्टी झाली. तो वर चढला, बायकोने गाठोडं घेतलं. गाडी हलली. मी डब्याबरोबर दहा पावलं चाललो. खिडकीतून त्याचा हात बाहेर आला, तळवा सपाट, बोटं पसरलेली. मी माझा हात वर केला. मग दिसलं, तो हात मला हलवत नव्हता. त्या फौजीला काहीतरी समजावत होता. डबा लहान होत गेला, हात तसाच हलत राहिला.

त्यानंतर लोटन मला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक नशिराबादचे एक पाटील. मुलीच्या लग्नाला पाच भांडी पाहिजे होती. पूर्वी ते लोटनकडं जात. ओट्यावर बसले, पान काढलं, म्हणाले, "हिलाल, तुझ्याकडंच आलो बाबा. लोटनसारखं गळकं नको."

मी म्हटलं, "पाटील, धुळ्याला गळली ती घागर लोटनची नव्हती. माझी होती."

ते हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतो.

मी पुन्हा सांगितलं. सांधा मी सोडला, जाणूनबुजून सोडला, असं सांगितलं. आबा बाजूला बसले होते, त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून सांगितलं. पाटलांच्या तोंडातलं पान थांबलं. ते उठले, धोतर झटकलं आणि पलीकडच्या ओट्याकडं गेले. लोटन असता तर हेच असं बोलला असता की पाटील बसून राहिले असते, आणि भांडीही घेऊन गेले असते. मला ते जमलं नाही. आबा माझ्याकडं बघत होते. त्यांना किती ऐकू गेलं ते मी विचारलं नाही. पलीकडे चालत गेलो, मगनशेठच्या दुकानातून कालचा पेपर आणला, आबांच्या शेजारी बसलो आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागलो.